डेटाबेसच्या शेजारची मेमरी: वेगाचा हिशेब आणि शिळेपणाचा

२०२१च्या मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी कोविड लसीकरण खुलं झालं आणि कोविन या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर वेळ मिळवणं हे महाराष्ट्रात घराघरांतलं काम होऊन बसलं. पिनकोड टाकायचा, केंद्राच्या नावापुढे जागा शिल्लक दिसायची, आणि बटण दाबेपर्यंत ती गेलेली असायची. अनेकांनी मग कोविनच्या खुल्या एपीआयवरून माहिती उचलणारी ॲप आणि बॉट वापरायला सुरुवात केली. त्या एपीआयच्या कागदपत्रांत तेव्हा एक सूचना होती: जागांची माहिती कॅशेमधून, म्हणजे आधीच काढून ठेवलेल्या उत्तरांच्या साठ्यातून दिली जाते, ती तीस मिनिटांपर्यंत जुनी असू शकते, आणि एका आयपी पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरापेक्षा जास्त वेळा ती विचारता येणार नाही.

क्षणात संपणाऱ्या जागांसाठी अर्ध्या तासापूर्वीचं चित्र मिळावं, याचा राग येणं स्वाभाविक होतं. पण देशभरातून येणारा प्रत्येक प्रश्न मूळ डेटाबेसपर्यंत जाऊ दिला असता, तर ज्या नोंदीवर लस प्रत्यक्ष मिळणार होती ती नोंद करणंच अडकलं असतं. पाहणाऱ्यांना जुनं उत्तर देऊन नोंदणाऱ्यांसाठी डेटाबेस मोकळा ठेवायचा, असा तो सौदा होता. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की उत्तर किती जुनं असू शकेल ते कुणीतरी आधी ठरवलं होतं आणि लिहूनही ठेवलं होतं. वेब ॲप्लिकेशनमध्ये डेटाबेसच्या शेजारी रेडिस किंवा मेमकॅशडी यांसारखा मेमरीतला साठा लावणाऱ्या बहुतेक मंडळींनी एवढंही केलेलं नसतं. हे साधन वेगासाठी घेतलं जातं. प्रत्यक्षात घरात येते ती आपल्या माहितीची दुसरी प्रत, आणि ही प्रत केव्हा खोटी ठरेल, नाहीशी झाली तर काय होईल, हे प्रश्न बिघाड होईपर्यंत विचारलेच जात नाहीत.

मेमरी वेगवान म्हणून कॅशे लावायचा, हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ते अर्धंच खरं आहे. प्रोसेसरला मुख्य मेमरीतून काही आणायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एसएसडीवरून वाचायला साधारण १०० मायक्रोसेकंद, आणि फिरत्या डिस्कवर जागा शोधायला १० मिलिसेकंदांच्या आसपास. पण रेडिस बहुधा वेगळ्या मशीनवर असतो, आणि एकाच डेटासेंटरमध्ये नेटवर्कवरून जाऊन यायला साधारण अर्धा मिलिसेकंद जातो. मेमरीचे नॅनोसेकंद त्या फेरीत कुठल्या कुठे हरवतात. शिवाय डेटाबेसही काही प्रत्येक वेळी डिस्ककडे धावत नाही. मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल असो की पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स, वारंवार लागणारी पानं तिथे मेमरीतच असतात. जिम ग्रे आणि फ्रँको पुट्झोलू यांनी १९८७ मध्येच हिशेब मांडला होता, की जी माहिती पाच मिनिटांतून एकदा तरी लागते ती त्या काळच्या किमतींत मेमरीत ठेवणंच स्वस्त पडतं. डेटाबेस बनवणारे तेव्हापासून हाच हिशेब करत आले आहेत.

मग कॅशे नेमकं काय वाचवतो? तो काम वाचवतो. क्वेरी वाचून तिचा प्लॅन ठरवणं, पाच-सहा टेबलांचं जॉइन, क्रमवारी, लॉक, ट्रान्झॅक्शनची व्यवस्था आणि कनेक्शन, हे सगळं एकदा करून तयार उत्तर बाजूला ठेवलं की पुढच्या हजार वेळा ते करावं लागत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस चालते आणि मूळ सेटिंगमध्ये कनेक्शनची मर्यादा १०० असते. हजारो वापरकर्ते एकाच वेळी तेच मुखपृष्ठ मागत असतील, तर आधी संपतात ती कनेक्शन. डिस्कची पाळी त्यानंतर येते. म्हणूनच इंडेक्सवरून एकच ओळ आणणारी साधी क्वेरी रेडिसमध्ये नेऊन ठेवली, तर फारसं काही हाती लागत नाही. जड उत्तर आणि पुन्हा पुन्हा तेच मागणं, या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथेच कॅशेचं चीज होतं.

२००३ मध्ये लाइव्हजर्नल या डायऱ्या लिहिण्याच्या अमेरिकी साइटवर ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांच्यापुढे हीच अडचण होती. वेब सर्व्हर बरेच होते, त्यांतली मेमरी सुटी-सुटी रिकामी पडलेली होती, आणि डेटाबेस घायकुतीला आले होते. त्यांनी मेमकॅशडी लिहिला. तो आधी पर्लमध्ये होता, पुढे अनातोली व्होरोबे यांनी तो सीमध्ये आणला. कल्पना जितकी साधी तितकी टिकाऊ ठरली: अनेक मशीनवरची रिकामी मेमरी एकाच मोठ्या कोठारासारखी वापरायची. कुठली की, म्हणजे नोंदीचं नाव, कुठल्या मशीनवर आहे हे क्लायंटच हॅश करून ठरवतो, सर्व्हरना एकमेकांची ओळखही नसते. कीची लांबी जास्तीत जास्त २५० बाइट, एका नोंदीचा आकार मूळ सेटिंगमध्ये १ मेगाबाइट, मशीन बंद पडलं की सगळं गेलं. मेमकॅशडीने कधीही स्वतःला डेटाबेस म्हणवून घेतलं नाही आणि हा त्याचा मोठा गुण आहे.

त्यातल्या हॅशिंगच्या भागात एक खाच होती. कीच्या हॅशला मशीनच्या संख्येने भागून बाकी घ्यायची, ही सरळ रीत दहा मशीनची अकरा करताच अंगावर येते: अकरातल्या दहा की नव्या ठिकाणी शोधल्या जातात, म्हणजे कॅशे जवळजवळ रिकामा होतो. १९९७ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी मांडलेल्या कन्सिस्टंट हॅशिंगने हे प्रमाण अकरात एकावर आणलं. क्षमता वाढवायला म्हणून मशीन जोडलं आणि त्याच मिनिटाला साइट कोसळली, अशा घटनांमागे अनेकदा हीच बाकी असते.

रेडिसचा जन्म २००९चा. सिसिलीचे साल्वातोरे सानफिलिप्पो लूग नावाची एक सेवा चालवत. वेबसाइटवर या क्षणी कोण काय पाहत आहे, हे ती दाखवायची. प्रत्येक साइटसाठी शेवटच्या ठरावीक भेटींची यादी हवी होती: नवी भेट पुढे घालायची, जुनी मागून काढायची. हे काम मायएसक्यूएलकडून दर सेकंदाला हजारदा करून घेणं महाग होतं. मेमरीत मात्र यादी ही मुळातच अशी रचना आहे, जिच्या टोकाला काही जोडणं जवळपास फुकट पडतं. म्हणून त्यांनी रेडिस लिहिला, आणि त्याचं वेगळेपण इथून सुरू होतं. मेमकॅशडी बंद पाकीट ठेवतो आणि बंद पाकीट परत देतो. रेडिसला आत काय आहे ते कळतं. यादी, संच, हॅश, क्रमवार संच, पुढे २०१८ मध्ये स्ट्रीम. खेळाच्या गुणफलकावर लाखो खेळाडूंमधून एकाचा क्रमांक काढायचा असेल, तर क्रमवार संच तो लॉग प्रमाणातल्या पायऱ्यांत काढून देतो. किती वेगवेगळ्या लोकांनी पान पाहिलं याचा अंदाज हायपरलॉगलॉग फक्त १२ किलोबाइटमध्ये, सुमारे ०.८१ टक्के चुकीच्या मर्यादेत देतो. आज्ञा एकाच थ्रेडवर एकामागून एक चालतात, म्हणून प्रत्येक आज्ञा अखंड असते. त्याच कारणाने लाखो की असलेल्या सर्व्हरवर कुणी `कीज` ही आज्ञा दिली, तर ती संपेपर्यंत बाकी सगळे ताटकळतात. प्रॉडक्शनमध्ये ती आज्ञा वापरू नये, त्यासाठी `स्कॅन` आहे.

आता या साऱ्याचा गाभा, म्हणजे दोन प्रतींचा मेळ. सर्वात रूढ पद्धत कॅशे-असाइड. प्रोग्राम आधी कॅशेला विचारतो, तिथे नसेल तर डेटाबेसकडे जातो आणि मिळालेलं उत्तर कॅशेमध्ये ठेवतो. लिहिताना आधी डेटाबेस बदलतो आणि मग कॅशेमधली की पुसतो. नवी किंमत कॅशेमध्ये लिहीत नाहीत, की पुसतात. कारण दोघांनी एकाच वेळी लिहिलं, तर डेटाबेसमध्ये एकाचं आणि कॅशेमध्ये दुसऱ्याचं शेवटचं ठरू शकतं. पण पुसूनही फट राहतेच.

समजा, एका पुस्तकविक्रेत्याच्या साइटवर एका पुस्तकाची किंमत ४०० रुपये आहे आणि कॅशेमधली नोंद नुकतीच संपली आहे. ग्राहकाची विनंती येते, कॅशेमध्ये काही नाही, म्हणून प्रोग्राम डेटाबेसमधून ४०० हा आकडा घेतो. तो कॅशेमध्ये ठेवण्याआधीच्या काही मिलिसेकंदांत विक्रेता किंमत ४५० करतो. डेटाबेस बदलतो, की पुसण्याची आज्ञा जाते, पण पुसायला तिथे काही नसतंच. मग पहिला प्रोग्राम हातातले ४०० कॅशेमध्ये ठेवतो. इथून पुढे डेटाबेस ४५० म्हणतो आणि साइट ४००. एरर कुठेही नाही, लॉगमध्ये ओळ नाही. नोंदीला एक्स्पायरी दिलेली नसेल, तर कुणी तक्रार करेपर्यंत हेच चालू राहील. वाचन रिप्लिकावरून, म्हणजे डेटाबेसच्या मागाहून जुळणाऱ्या प्रतीवरून होत असेल तर फट आणखी रुंद होते, कारण की पुसून झाल्यावरही मागे रेंगाळणारी रिप्लिका जुनी किंमतच देते आणि ती नव्याने कॅशेमध्ये जाऊन बसते.

फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये त्यांच्या मेमकॅशडीच्या वापरावर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो या विषयात अजूनही पहिल्यांदा वाचावा असा आहे. त्यांचा तोडगा लीजचा. कॅशेमध्ये की सापडली नाही, तर मेमकॅशडी विचारणाऱ्याला एक टोकन देतो. मधल्या वेळात की पुसली गेली, तर ते टोकन रद्द होतं आणि त्या टोकनावर आणलेलं जुनं उत्तर स्वीकारलंच जात नाही. हेच टोकन दुसरंही काम करतं. एका कीसाठी ते दहा सेकंदांत एकदाच दिलं जातं, बाकीच्यांना थोडं थांबून पुन्हा विचारायला सांगितलं जातं. एकच लोकप्रिय नोंद संपली म्हणून हजारो विनंत्या एकदम डेटाबेसवर तुटून पडण्याचा प्रकार त्यामुळे थांबतो. विशेष त्रासदायक अशा काही कींवर त्यांनी मोजलं, तेव्हा डेटाबेसवरचा कमाल भार सेकंदाला १७ हजार क्वेरींवरून १,३०० वर आला.

ही झुंबड लहान साइटवरही होते. दहा हजार नोंदी रात्री एकाच स्क्रिप्टने कॅशेमध्ये भरल्या आणि सगळ्यांना एक तासाची एक्स्पायरी दिली, तर तासाभराने त्या सगळ्या एकाच क्षणी संपतात. एक्स्पायरीत थोडी यादृच्छिक भर घालणं हा एका ओळीचा उपाय आहे, आणि तरीही तो कितीतरी ठिकाणी दिसत नाही. मुदत संपल्यावरही थोडा वेळ जुनंच उत्तर देत राहायचं आणि मागे एकाच प्रोसेसने नवं आणायचं, ही रीत मला त्याहून चांगली वाटते. बातम्या, यादी, शोधाचे निकाल अशा ठिकाणी ती बिनधास्त वापरावी.

कॅशे जितका चांगला चालतो तितकं त्याच्यावरचं अवलंबन दिसेनासं होतं. सेकंदाला दहा हजार विनंत्या येत असतील आणि त्यांतल्या ९९ टक्के कॅशेमधून भागत असतील, तर डेटाबेसला शंभरच दिसतात. प्रमाण ९८ वर घसरलं तर आलेखावर एका टक्क्याची रेघ हलते, पण डेटाबेसचा भार दुप्पट होतो. कॅशे पूर्ण रिकामा झाला तर शंभरपट. वर्षभर शंभर क्वेरींच्या हिशेबाने घेतलेला डेटाबेस त्या दिवशी उभा राहू शकत नाही. आणि तो उभा राहिला नाही तर कॅशे पुन्हा भरतही नाही.

२३ सप्टेंबर २०१०ला फेसबुक सुमारे अडीच तास बंद होतं, ते अशाच वर्तुळात अडकून. कॅशेमधलं एखादं कॉन्फिगरेशन चुकीचं दिसलं, तर ते मूळ साठ्यातून आणून दुरुस्त करणारी एक स्वयंचलित व्यवस्था होती. त्या दिवशी मूळ साठ्यातच असा बदल झाला, की ते मूल्य चुकीचं समजलं गेलं. प्रत्येक क्लायंटने दुरुस्तीसाठी डेटाबेसकडे धाव घेतली, सेकंदाला लाखो क्वेरी सुरू झाल्या. डेटाबेस एरर देऊ लागला, तर क्लायंटने ती एररही चुकीचं मूल्य मानली आणि कॅशेमधली की पुसून टाकली. मूळ चूक सुधारल्यावरही क्वेरी थांबेनात. शेवटी त्या डेटाबेसकडे जाणारी वाहतूक तोडावी लागली, म्हणजे साइटच बंद करावी लागली. जो प्रोग्राम एरर आणि 'नोंद नाही' यांत फरक करत नाही तो कुठल्याही साइटवर हेच करू शकतो. आपल्या कोडमध्ये रेडिसचा टाइमआउट आल्यावर काय होतं, ते प्रत्येकाने उघडून वाचावं.

ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीचा २०२२चा शोधनिबंध याच भीतीतून निघालेला एक धाडसी उपाय सांगतो. त्यांच्या राउटरमधल्या मेटाडेटाच्या कॅशेचं यश सुमारे ९९.७५ टक्के होतं, आणि अभियंत्यांना नेमकी त्याचीच धास्ती वाटली. नव्या रचनेत त्यांनी असं केलं, की कॅशेमध्ये उत्तर सापडलं तरी मागच्या साठ्याकडे एक विनंती जातेच. मागच्या साठ्याला कायम पूर्ण भाराची सवय राहते, आणि कॅशे गेल्याने त्याला वेगळं काही जाणवत नाही. वेगाच्या नावाखाली भार लपवण्याऐवजी त्यांनी तो उघडा ठेवला. हा खर्च प्रत्येकाला परवडणार नाही, पण विचाराची दिशा मला पटते.

भारतात या तंत्राचा सर्वात कठीण वापर कुठे होत असेल, तर तो रेल्वेच्या तिकिटांत. तत्काळ आरक्षण वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला उघडतं, इतरांसाठी अकराला. त्या पहिल्या काही मिनिटांसाठीच जणू सगळी यंत्रणा बांधावी लागते. २०१४ मध्ये आयआरसीटीसीने नवी ई-तिकीट प्रणाली आणली, तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० पर्यंत नेल्याचं सांगण्यात आलं. तिच्यात जेमफायर हा मेमरीत माहिती ठेवणारा, अनेक मशीनवर पसरलेला साठा वापरला गेला. चीनच्या रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळानेही वसंतोत्सवाच्या गर्दीसाठी त्याच साधनाचा आधार घेतला होता. गाड्यांची नावं, स्थानकं, भाडं ही माहिती तासभर जुनी असली तरी कुणाचं काही जात नाही. शिल्लक जागांचा आकडा काही सेकंद जुना चालतो, कारण तो पाहणाऱ्याला अंदाजच हवा असतो. प्रत्यक्ष बर्थ देण्याची नोंद मात्र एका क्षणाचीही जुनी चालत नाही. ती मूळ आरक्षण यंत्रणेतच, ट्रान्झॅक्शनच्या आतच व्हायला हवी. एकाच पानावरच्या तीन गोष्टींना शिळेपणाच्या तीन वेगळ्या मर्यादा लागतात. गाड्यांची उपलब्धता दाखवणारी काही खासगी ॲप आकड्याखाली तो किती वेळापूर्वीचा आहे ते लिहितात. सरकारी संकेतस्थळांनी, बँकांनी, बाजार समित्यांचे भाव दाखवणाऱ्या साइटनी हे उचलायला हवं. कांद्याचा भाव पाहून ट्रॅक्टर भरणाऱ्या शेतकऱ्याला तो भाव केव्हाचा आहे हे कळण्याचा हक्क आहे.

रेडिसच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, तो हळूहळू घरात शिरतो. सुरुवात कॅशेपासून होते. मग लॉगिनचं सेशन तिथे जातं, ओटीपी जातो, ईमेल पाठवायची रांग जाते, कार्टही जातं. वर्षभराने पाहावं तर कुठल्याच टेबलात नसलेली माहिती फक्त रेडिसमध्ये आहे. रेडिस डिस्कवर लिहितो हे खरं. ठरावीक काळाने तो पूर्ण स्नॅपशॉट काढतो, किंवा प्रत्येक बदल फाइलीत जोडत जातो. पण रूढ सेटिंगमध्ये ही फाइल सेकंदाला एकदा डिस्कवर पक्की होते, म्हणजे वीज गेली तर शेवटच्या सेकंदाभराचे बदल जाऊ शकतात. रिप्लिकाकडे बदल मागाहून पोहोचतात. मुख्य सर्व्हर पडून रिप्लिकाने जागा घेतली, तर 'झालं' म्हणून सांगितलेलं लिखाणही नाहीसं होऊ शकतं. सेशन गेलं तर माणूस पुन्हा लॉगिन करेल. पेमेंटची नोंद गेली तर तो पोलीस ठाण्यात जाईल.

मेमरी भरली की काय करायचं, हा प्रश्नही इथेच येतो. कॅशेसाठी योग्य धोरण म्हणजे बरेच दिवस न वापरलेली की काढून टाकणं. रांगेसाठी आणि सेशनसाठी तेच धोरण घातक आहे. आणि काहीच न काढण्याचं मूळ धोरण ठेवलं, तर मर्यादा येताच प्रत्येक लिखाणाला एरर मिळते. एकाच रेडिसमध्ये कॅशे आणि रांगा-सेशन दोन्ही ठेवले तर कुठलंही धोरण चुकीचंच ठरतं. दोन वेगळे इन्स्टन्स चालवावेत, याबाबत माझ्या मनात शंका नाही.

लॉकसाठी रेडिस वापरण्यावरून २०१६ मध्ये मार्टिन क्लेपमन आणि सानफिलिप्पो यांच्यात जाहीर वाद झाला. क्लेपमन यांचा आक्षेप असा: लॉक घेतलेली प्रोसेस मेमरी साफ करण्यासाठी काही सेकंद थबकली, तेवढ्यात लॉकची मुदत संपली आणि दुसऱ्याने तो घेतला, तर पहिली जागी होऊन लॉक आपलाच आहे असं समजून लिहिते. सानफिलिप्पो यांनी रेडलॉक या आपल्या लॉक-पद्धतीच्या रचनेचा बचाव केला. दोघांचं लिखाण वाचून माझा कौल क्लेपमन यांच्या बाजूला पडतो. तेच काम दोनदा होऊ नये एवढ्यापुरता लॉक असेल तर रेडिस पुरेसा आहे. दोनदा झाल्याने कुणाचे पैसे जाणार असतील तर डेटाबेसचं युनिक बंधन हवं. विनंत्यांची संख्या मोजणाऱ्या साध्या मर्यादेतही असंच बारीक भोक असतं. आकडा वाढवणं आणि एक्स्पायरी लावणं या दोन आज्ञांच्या मध्येच प्रोसेस मेली, तर तो आकडा कायमचा राहतो आणि वापरकर्ता कायमचा अडतो. दोन्ही रेडिसच्या आत चालणाऱ्या एकाच लुआ स्क्रिप्टमध्ये केलं की प्रश्न मिटतो.

मेमरी महाग असते, म्हणून तिच्यातली काटकसर हा स्वतंत्र अभ्यास आहे. इन्स्टाग्रामला सुरुवातीच्या काळात सुमारे ३० कोटी फोटोंचे क्रमांक त्यांच्या मालकांशी जोडून ठेवायचे होते. प्रत्येकासाठी सुटी की केली तर २१ गिगाबाइट लागणार होते. हजार-हजार क्रमांकांचे गठ्ठे करून ते रेडिसच्या हॅशमध्ये घातल्यावर तेच काम ५ गिगाबाइटमध्ये बसलं. ट्विटरच्या १५३ कॅशे समूहांचा २०२०चा अभ्यास आणखी उद्बोधक आहे. कॅशेमध्ये वाचन भरपूर आणि लेखन थोडं, हे पाठ्यपुस्तकी गृहीतक तिथल्या एक तृतीयांशाहून अधिक समूहांना लागू पडत नव्हतं. शिवाय 'बरेच दिवस न वापरलेलं काढा' या गाजलेल्या धोरणाऐवजी 'आधी आलेलं आधी काढा' हे साधं धोरण अनेकदा तितकंच चांगलं ठरलं.

सुरक्षेची बाजू थोडक्यात सांगतो, पण ती छोटी नाही. हे साठे विश्वासातल्या नेटवर्कसाठी बनले आणि लोकांनी ते उघड्या इंटरनेटवर ठेवले. उघड्या रेडिसमधून सर्व्हरचा ताबा कसा घेता येतो, हे सानफिलिप्पो यांनी स्वतःच २०१५ मध्ये दाखवलं. पुढच्या वर्षीच्या ३.२ आवृत्तीत संरक्षित मोड आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला, तो उघड्या मेमकॅशडी सर्व्हरचा वापर करून. २० मार्च २०२३चा प्रसंग वेगळ्या जातीचा. चॅटजीपीटीवर काहींना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. रेडिसशी बोलणाऱ्या पायथन लायब्ररीत दोष होता: विनंती मध्येच रद्द झाली तर तिचं उत्तर कनेक्शनमध्ये पडून राहायचं आणि पुढच्या, भलत्याच विनंतीच्या हाती लागायचं. त्या दिवशीच्या एका नऊ तासांच्या काळात सक्रिय असलेल्या सशुल्क सदस्यांपैकी १.२ टक्क्यांची पैसे भरण्यासंबंधीची काही माहिती उघड झाली असावी, असं कंपनीने जाहीर केलं. कॅशेमधून आलेल्या नोंदीवर मालकाचा क्रमांक असावा आणि दाखवण्यापूर्वी तो तपासावा. खासगी माहितीसाठी एवढी सक्ती जास्त नाही.

साधन निवडताना परवान्याकडेही आता पाहावं लागतं. मार्च २०२४ मध्ये रेडिसच्या कंपनीने बीएसडी परवाना सोडला. सुमारे आठवडाभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की ही फांदी निघाली आणि ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल तिच्यामागे उभे राहिले. मे २०२५ मध्ये रेडिस ८ एजीपीएल परवान्याखालीही उपलब्ध झाला, पण तोवर वाटा वेगळ्या झाल्या होत्या. नव्या प्रकल्पासाठी मी व्हॅल्की घेईन. रोजच्या वापरात फरक जाणवत नाही आणि परवान्याची चिंता मिटते.

या सगळ्याला एक उलट मत आहे, आणि त्याला गेल्या काही वर्षांत वजन आलं आहे. ते म्हणतं, बहुतेक साइटना वेगळ्या मेमरी साठ्याची गरजच नाही. डेटाबेसने आपल्या आतच उत्तरं साठवण्याचा एक प्रयत्न फसला हे खरं: मायएसक्यूएलचा क्वेरी कॅशे टेबलातली एक ओळ बदलली तरी त्या टेबलाची सगळी उत्तरं फेकून द्यायचा, अनेक कोअरच्या मशीनवर त्याचा लॉकच अडथळा व्हायचा, आणि ८.० आवृत्तीत तो काढूनच टाकला गेला. पण पोस्टग्रेसमधला मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे क्वेरीचं साठवून ठेवलेलं उत्तर, जड अहवालांचं काम चोख करतो. २०२४च्या अखेरीस आलेल्या रेल्स या वेब चौकटीच्या ८व्या आवृत्तीने तर मूळ कॅशे डेटाबेसच्या टेबलातच ठेवला. वेगवान एसएसडीवर जागा स्वस्त आहे, तेव्हा थोडा संथ पण कितीतरी मोठा आणि जास्त दिवस टिकणारा कॅशे परवडतो, हा त्यामागचा हिशेब. दुसऱ्या टोकाला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट. त्यांनी प्रत्येक वेब सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत पहिला थर ठेवला आणि रेडिस हा दुसरा, सामाईक थर. २०१६च्या सुमारास त्यांचे रेडिस सर्व्हर दोन टक्क्यांच्या आसपास प्रोसेसर वापरत होते. मागचा एसक्यूएल सर्व्हरही त्यांनी आधीच नीट बसवला होता.

जिल्ह्याच्या ठिकाणी बसून सहकारी बँकेसाठी, शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लहान कंपन्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे. आधी संथ क्वेरींचा लॉग काढा, इंडेक्स पाहा, एका पानासाठी दोनशे क्वेरी जात असतील तर त्या दोनवर आणा. एवढ्याने भागलं नाही तरच मेमरी साठा आणा, आणि तो आणताना प्रत्येक प्रकारच्या माहितीपुढे दोन रकाने लिहा: ही किती जुनी चालेल, आणि ही नाहीशी झाली तर पुन्हा कुठून येईल. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ती माहिती डेटाबेसमध्ये जायला हवी. मग चाचणीच्या सर्व्हरवर खऱ्याइतकाच भार सोडून रेडिस बंद करून बघा. साइट संथ झाली तर तुमचा कॅशे कॅशेच आहे. साइट पडली किंवा नोंदी हरवल्या तर तो डेटाबेस झालेला आहे, आणि त्याचा बॅकअप आजपासून घ्यायला हवा. ज्यांच्या साइटवर लोक पैसे भरतात त्यांनी ही चाचणी वर्षातून एकदा तरी करावीच.